एकाच खांद्यावरचा वळ : बाळाच्या कार सीटचं एक प्रकरण

जानेवारीतल्या एका सोमवारी ओपीडी उघडायच्या आधीच हे कुटुंब दारात उभं होतं. आठ महिन्यांची मुलगी आईच्या कडेवर, खालचा ओठ सुजलेला. मागे बाबा, आजी आणि सहा वर्षांचा दादा. मुलगी जन्मापासून माझ्याकडेच येते. पुढचं सगळं कुटुंबाला विचारून लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आदल्या दिवशी ते कराडजवळच्या गावाहून पुण्याला परतत होते. संध्याकाळचे साडेसात, उंब्रजच्या पुढे. उसाचा हंगाम, त्यामुळे महामार्गावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे गाडी सत्तरच्या आसपास होती. अंधारातून एकदम उसाच्या मोळ्या समोर आल्या. त्यांनी करकचून ब्रेक दाबला आणि गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. धडक झाली नाही, गाडीला ओरखडासुद्धा नाही. पण मागे स्वतःच्या कार सीटमध्ये बसलेल्या मुलीचं तोंड पुढच्या सीटच्या पाठीला अडकवलेल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यावर आपटलं.

"मॅडम, सीट होती हो. पट्टेसुद्धा लावले होते," आई परत परत सांगत होती.

मी मुलीला तपासलं. टाळू सपाट, बाहुल्या सारख्या, मान दोन्ही बाजूंना नीट वळत होती, हासळीची हाडं शाबूत. रात्री दूध व्यवस्थित प्यायली होती, उलटी नाही. ओठाच्या आतल्या बाजूला खालच्या दोन नव्या दातांनी झालेली छोटी जखम. टाका घालायची गरज नव्हती. पण झबलं काढल्यावर डाव्या खांद्यावर, हासळीला तिरका जाणारा पट्ट्याचा फिकट लाल वळ दिसला. उजव्या खांद्यावर काहीच नाही. कमरेवरही नाही.

कार सीटला पाच ठिकाणी धरणारे पट्टे असतात. दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक मांड्यांच्या मधून. ब्रेकचा जोर पाचांवर वाटला गेला असता तर एकाच जागी वळ उठायचं कारण नव्हतं. म्हणजे उजवा पट्टा खांद्यावरून आधीच घसरलेला होता आणि कमरेचे पट्टे नावालाच होते. मी बाबांना विचारलं, "गाडी आणलीय का? कालपासून सीटला कुणी हात लावला नाही ना?" गाडी खाली पार्किंगमध्येच होती आणि सीट जशीच्या तशी होती. ओपीडी अर्धा तास थांबवून मी खाली गेले. त्या अर्ध्या तासात जे दिसलं ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे, कारण त्यातली एकही चूक निष्काळजीपणाची नव्हती. प्रत्येकीमागे मुलीचं बरं व्हावं असाच विचार होता.

पार्किंगमध्ये

गाडी पाच वर्षं जुनी हॅचबॅक. सीट मामाने बारशाला दिलेली, जन्मापासून १८ किलोपर्यंत चालणारी, दोन्ही बाजूंना तोंड करून बसवता येणारी. मागच्या बाजूला नारिंगी लेबल होतं, वर्तुळातलं ई अक्षर आणि 'आर ४४/०४' हा क्रमांक. म्हणजे युरोपीय मानकाला उतरलेली खरी सीट. आपल्याकडचं मानक एआयएस ०७२. यांपैकी काहीच छापलेलं नसलेल्या, नुसत्या गादीला पट्टे शिवलेल्या 'सीट' बाजारात मिळतात, तशातली ही नव्हती. माहितीपुस्तिका कव्हरच्या आतल्या कप्प्यात होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, न फोडलेली.

लेबलवरच लिहिलं होतं : १३ किलोपर्यंत मागे तोंड (म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे), ९ ते १८ किलो पुढे तोंड. त्या सकाळी मुलीचं वजन ७.८ किलो भरलं होतं, लांबी ६९ सेंटिमीटर. आणि सीट पुढे तोंड करून बसवलेली होती.

असं कधीपासून? सहाव्या महिन्यापासून. सुरुवातीला मामाने स्वतः येऊन मागे तोंड करून बसवून दिली होती. मग मुलीचे पाय गाडीच्या मागच्या सीटच्या पाठीला टेकायला लागले. आजींना वाटलं, पोर अवघडते. आईला वाटलं, तिला आपलं तोंड दिसत नाही म्हणून रडते. एका रविवारी बाबांनी सीट फिरवली.

इथे दुसरी, पहिलीपेक्षाही मोठी चूक झाली. अशा सीटला गाडीचा पट्टा ओवायच्या दोन वेगळ्या वाटा असतात. मागे तोंड असताना पट्टा बाळाच्या मांड्यांखालून, निळ्या खुणांच्या खाचांतून जातो. पुढे तोंड असताना तो सीटच्या पाठीमागून, लाल खुणांमधून जातो. बाबांनी सीट फिरवली, पण पट्टा जुन्याच निळ्या वाटेने ओवला. शिवाय फक्त कमरेचा भाग ओवला होता, खांद्याचा भाग मागे मोकळा लोंबत होता. त्यामुळे सीटचा पुढचा खालचा काठ तेवढा धरलेला आणि पाठीला कशाचाच आधार नाही. मी सीटच्या माथ्याला हात लावून पुढे ढकललं तर ती नमस्कार केल्यासारखी वाकली. बाबा बघत राहिले. दर वेळी निघताना ते सीट हलवून बघायचे, पण खालून धरून. खालून ती घट्टच लागायची.

सीटखाली घडी घातलेली सतरंजी होती. गाडीच्या सीटवर डाग पडू नयेत म्हणून, आणि जरा उंची मिळावी म्हणून. तिच्याखाली बाजारातून बसवून घेतलेलं रेक्झिनचं कव्हर. गुळगुळीत रेक्झिन, त्यावर सरकणारी सतरंजी, त्यावर सीट. बसवताना पट्टा ताणून बांधला तरी सतरंजी दबली की ढील पडणारच. मी मोजली, ती जवळजवळ वीतभर होती.

आता मुलगी स्वतः. खांद्याचे पट्टे सर्वांत वरच्या भोकांतून घेतले होते, तिच्या कानांच्या रेषेत. "खाली घेतले की खांदे दाबतात," आजी म्हणाल्या. मी आईला सांगितलं, काल बसवली होती तशीच बसवून दाखवा. आईने मुलीला टोपीचा जाड स्वेटर घातला, त्यावर दुपट्यात गुंडाळलं आणि त्या गुंडाळीवरून पट्टे लावले. थंडीचे दिवस, संध्याकाळचा प्रवास. कोणतीही मराठी आई हेच करेल. मग मी पट्ट्यांची लांबी न बदलता दुपटं आणि स्वेटर काढायला लावलं आणि मुलीला परत बसवलं. पट्टा आणि छाती यांच्यामध्ये माझी मूठ मावली. ब्रेकच्या झटक्यात जाड कपडा चेपतो आणि तेवढी जागा एका क्षणात तयार होते. त्या जागेतून उजवा खांदा बाहेर निसटला, सगळं वजन डाव्या खांद्यावर आलं, त्याच वेळी सीट वाकली आणि तोंड खेळण्यापर्यंत पोचलं. वळाचं उत्तर मिळालं.

मांड्यांमधल्या बकलमध्ये नाचणीच्या सत्त्वाचा सुकलेला थर होता. खटका लागत होता, पण आवाज न करता, अर्धवट. हे पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे कोमट पाण्याने धुवायचं. त्यात तेल किंवा ग्रीस घालायचं नाही. पट्टे मशीनमध्ये टाकायचे नाहीत आणि ब्लीच तर अजिबात नाही, त्याने धागा कमकुवत होतो.

ब्रेक आणि धडक

आईचे डोळे भरून आले होते. तिला मी पहिल्यांदा हे सांगितलं की ही चूक घरोघर होते. अमेरिकेत, जिथे कार सीट काही दशकं रुळलेली आहे, तिथल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४६ टक्के सीटच्या वापरात काही ना काही गंभीर चूक सापडली होती. त्याच संस्थेचा अंदाज असा की नीट वापरलेल्या सीटमुळे गाडीतल्या एक वर्षाखालच्या बाळांचे मृत्यू ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचे ५४ टक्क्यांनी कमी होतात. 'नीट वापरलेल्या' हे शब्द त्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहेत.

मग बाबांकडे वळले. "डॉक्टर, धडक झालीच नाही, नुसत्या ब्रेकने एवढं?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. आम्ही गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून हिशेब मांडला. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला तर शरीराला पुढे खेचणारा जोर वजनाच्या साधारण पाऊणपट असतो. या मुलीसाठी तो सहा किलोच्या आसपास. आता समजा गाडी ताशी ५० किलोमीटरने भिंतीवर आदळली आणि नाक अर्धा मीटर चेपून थांबली. हे थांबणं सेकंदाच्या चौदाव्या भागात उरकतं आणि जोर सरासरी वजनाच्या वीसपट होतो. म्हणजे १५० किलोच्याही वर. सहा किलोच्या ओढीला जी सीट वाकली, तिला दीडशे किलो सोसायचे होते.

आजी शांतपणे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणून मी म्हणत होते, सीट-बीट नको, मांडीवर घेते. आम्ही चार पोरं मांडीवरच वाढवली."

आजींना मी ते दीडशे किलो साखरेच्या पोत्यांत सांगितले. कराडकडच्या माणसाला पन्नास किलोचं पोतं नीट ठाऊक असतं. तीन पोती, डोळ्याचं पातं लवतं तेवढ्या वेळात, दोन हातांनी धरायची. आजी काही बोलल्या नाहीत. नंतर हळूच म्हणाल्या, "आणि मी स्वतः?" आजींनी पट्टा लावलेला नव्हता. त्या साठ किलोच्या. त्याच धडकेत त्यांचा भार बाराशे किलोंसारखा पुढे फेकला गेला असता, आणि त्यांच्या शेजारी कोण होतं हे मला सांगावं लागलं नाही. मागे बसलेल्याने पट्टा लावायचा, ही चर्चा आपल्याकडे सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला तेव्हा काही आठवडे झाली आणि मग विरली.

पाय दुमडतात, त्याचं काय?

खरा अडसर हा होता. सीट परत फिरवायला घरचे तयार होते, पण पायांची काळजी गेली नव्हती. ती गेल्याशिवाय पुढच्या महिन्यात सीट पुन्हा फिरणार, हे मला दिसत होतं. म्हणून यावर मी सर्वांत जास्त वेळ दिला.

जन्माच्या वेळी बाळाचं डोकं लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं. मोठ्या माणसात ते आठवा भाग उरतं. हे जड डोकं ज्या मानेवर असतं तिचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात. एकेका मणक्याचे तुकडे कूर्चेने जोडलेले असतात आणि भोवतीचे बंध सैल असतात. पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचं धड समोरच्या धडकेत पट्टे धरून ठेवतात, पण डोकं मोकळं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोकं, मान आणि पाठ तिन्ही एकदम सीटच्या पाठीत रुततात. आपण पडणाऱ्या बाळाला झेलताना मानेखाली हात घालतो, तोच हात इथे सीट घालते. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी १९६४ मध्ये मागे तोंड असलेली पहिली सीट तपासली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर अंतराळवीरांच्या आसनाची कल्पना होती. उड्डाणाचा जोर पाठीवर झेलायचा म्हणून अंतराळवीर उताणे असतात.

पाय दुमडून मांडी घालून बसायला बाळाला काहीच वाटत नाही, ते घरी जमिनीवरही तसंच बसतं. आणि अपघातात पायाला लागलंच तर पायाचं हाड जुळतं. मानेतला मज्जारज्जू जुळत नाही. हे वाक्य मी आजींसमोर बोलायचं टाळणार होते, पण त्यांनीच विचारलं, "आणि मानेचं?"

युरोपच्या नव्या आर १२९ मानकात पंधरा महिन्यांच्या आत पुढे तोंड करायला मनाईच आहे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये वयाची अट काढून टाकली आणि सांगितलं की सीटच्या वजनाची किंवा उंचीची मर्यादा गाठेपर्यंत मागेच तोंड ठेवा. या मुलीच्या सीटला ती मर्यादा १३ किलो, किंवा डोक्याचा माथा सीटच्या वरच्या काठापासून इंचभर खाली येईल ते, जे आधी होईल ते. तिच्या वाढीचा आलेख बघता अजून बराच काळ.

रडण्याचं उत्तर सोपं नाही आणि मी ते सोपं असल्याचं सांगितलंही नाही. पहिल्या एक-दोन प्रवासांत रडेल. भूक लागली तर गाडी थांबवायची, चालत्या गाडीत सीटमधून काढून अंगावर पाजायचं नाही. लांबच्या प्रवासात दीड-दोन तासांनी थांबून तिला बाहेर काढायचं, मोकळं करायचं. मुक्कामाला पोचल्यावर झोपली असली तरी सीटमधून काढून सपाट अंथरुणावर ठेवायचं, कारण बसल्या जागी हनुवटी छातीला टेकली तर लहान बाळाचा श्वास अडतो.

परत बसवताना

सीट पूर्ण बाहेर काढली. आधी तिचं कवच उन्हात धरून तडा गेलाय का, प्लॅस्टिक कुठे पांढुरकं पडलंय का ते पाहिलं. कुठे काही नव्हतं. धडक झालेली सीट पुन्हा वापरायची नसते, पण हा ब्रेक होता, त्यामुळे हीच ठेवली. (कुणाची जुनी सीट आयती मिळाली तर ती धडकेत सापडली होती का, हे देणारा खरं सांगेल इतका भरवसा असेल तरच घ्यावी. आणि कवचावर छापलेली मुदत बघावी.)

बाबांना वाटत होतं, आपल्या सीटला आयसोफिक्स (पट्ट्याऐवजी सीट थेट गाडीतल्या कड्यांना अडकवायची सोय) नाही म्हणून हे झालं. गाडीच्या मागच्या दोन जागांवर त्याच्या कड्या होत्या, सीटला मात्र जोडण्या नव्हत्या. आयसोफिक्समुळे चुकायला कमी वाव मिळतो हे खरं. पण गाडीच्या तीन बिंदूंच्या पट्ट्याने नीट बांधलेली सीटही तितकीच काम करते. नवी घेण्याची गरज नव्हती. आईला मधली जागा हवी होती, सर्वांत सुरक्षित म्हणून. पण या गाडीत मध्ये फक्त कमरेचा पट्टा आहे आणि सीटच्या पुस्तिकेत तीन बिंदूंचाच पट्टा मागितला आहे. म्हणून डावी मागची जागा ठरली, आईच्या जागेच्या मागची.

रेक्झिनचं मागचं कव्हर चेन उघडून काढलं. सतरंजी आजींच्या हातात दिली. सीट मागे तोंड करून ठेवली, गाडीचा पट्टा निळ्या खुणांमधून ओवला. कमरेचा भाग मांड्यांच्या जागेवरून, खांद्याचा भाग पाठीमागून वळसा घालून. पहिल्या प्रयत्नात पट्टा बकलपर्यंत पोचेचना. अनेक छोट्या गाड्यांत हे होतं आणि तिथेच लोक वैतागून सीट फिरवतात. सीटचा कल एक टप्पा बदलला आणि पुढची जागा दोन खाचा पुढे घेतली, तेव्हा पट्टा पोचला. आईची उंची बेताची, तिला अडचण झाली नाही.

मग बाबांना मी सीटमध्ये एक हात रोवून सगळं अंग टाकायला लावलं आणि दुसऱ्या हाताने पट्ट्याची ढील ओढून काढायला लावली. आपल्या बहुतेक गाड्यांचे पट्टे झटका बसला तरच अडकतात, एरवी हळू ओढले की सुटत राहतात. म्हणून सीटवर जी लॉकची क्लिप असते ती लावावीच लागते. ती क्लिप इतक्या महिन्यांत एकदाही वापरलेली नव्हती. ती कशासाठी आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. शेवटी पट्टा जिथून जातो तिथे धरून सीट हलवली. इंचभराहून कमी हलली. तपासायची जागा हीच. मागे तोंड असलेल्या सीटचा माथा थोडा हलतो, ते चालतं.

मुलगी साध्या झबल्यावर बसली. खांद्याचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खाली, मागे तोंड असताना हाच नियम. पुढे तोंड केल्यावर तो उलटा होऊन खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वर होतो. आधी कमरेचे पट्टे घट्ट, मग खांद्यांचे. हासळीवर पट्ट्याला उभी चिमटी घ्यायची. चिमटीत कापड आलं तर ढिलं आहे. आईने चार वेळा ओढलं तेव्हा बोटं घसरली. दुपटं आता पट्ट्यांच्या वरून पांघरायचं, आत नाही. खेळणं मी काढून घेतलं. मागच्या काचेखालच्या फळीवर गावाहून आणलेला काकवीचा स्टीलचा डबा अजून होता, तोही डिकीत गेला.

बाबांनी एक महत्त्वाचं विचारलं. आई कधी एकटीच गाडी चालवते, तेव्हा सीट पुढे शेजारी ठेवली तर? समोर एअरबॅग चालू असेल तर मागे तोंड असलेली सीट तिथे कधीही नाही. एअरबॅग उघडताना थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. सनव्हायजरवर त्याचं चित्र असतं. त्यांच्याही गाडीत होतं. पाच वर्षांत कुणी वाचलं नव्हतं.

दादा

या सगळ्यात सहा वर्षांचा दादा बाजूला उभा राहून बघत होता. काल तो कुठे बसला होता? दोन पुढच्या सीटच्या मधल्या फटीत उभा, गाणी लावायला. ब्रेक लागला तेव्हा आजींनी शर्टाला धरून मागे ओढलं म्हणून तो वाचला. घरच्यांच्या बोलण्यात हा प्रसंग आलाच नव्हता, कारण त्याला काही लागलं नव्हतं. माझ्या लेखी दोघांत जास्त धोक्यात तोच होता.

दादा १९ किलो, ११३ सेंटिमीटर. गाडीचा पट्टा लावून बघितला तर वरचा भाग गळ्यावर आणि खालचा पोटावर. गळ्याला काचतो म्हणून तो पट्टा काखेखाली घेतो. अशा वेळी धडकेत पट्टा कमरेच्या हाडाऐवजी मऊ पोटात घुसतो, आतड्यांना आणि कण्याला इजा होते. गाडीचे पट्टे मोठ्या माणसाच्या मापाचे असतात. साधारण १४५ ते १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत मुलाला बूस्टर (उंच बसवून गाडीचा पट्टा योग्य जागी आणणारं आसन) लागतो, म्हणजे बहुतेक मुलांना दहा-बारा वर्षांपर्यंत. दादासाठी १५ ते ३६ किलोचा, पाठ असलेला बूस्टर घ्यायचं ठरलं. पट्टा मांड्यांच्या वरच्या टोकावर सपाट आणि हासळीच्या मध्यावरून गेला की झालं.

मग जागेचं गणित. मागे डावीकडे मुलीची सीट, उजवीकडे दादाचा बूस्टर. आजी पुढे, पट्टा लावून; गुडघ्यांना तिथे आरामही आहे. आई मध्ये, नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर. ही शेवटची गोष्ट मला पटलेली नाही, पण या गाडीत पाच जणांसाठी याहून बरी मांडणी मला सापडली नाही. बाबा म्हणाले, पुढची गाडी स्टार बघूनच घेणार. भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणारी आपली धडक-चाचणी, ऑक्टोबर २०२३ पासून आहे. मुलांच्या सुरक्षेचे ४९ गुण असतात आणि त्यातले १२ फक्त सीट गाडीत नीट बसते का यासाठी. नुसते तारे न मोजता तो रकाना बघा, असं त्यांना सांगितलं.

कायद्याचंही बोलणं निघालं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९४ ब हे कलम आलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन न लावता गाडी चालवली तर चालकाला १००० रुपये दंड. बाबांना हे नवीन होतं. मी मुद्दाम दादाच्या शाळेबद्दलही विचारलं. तो रोज बाबांच्या स्कूटरवर मागे बसून जातो, हेल्मेट नाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, आणि नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना दुचाकीवर हेल्मेटबरोबर चालकाला जोडून ठेवणारा सुरक्षा पट्टाही हवा, वेग ताशी ४० च्या आत, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. कार महिन्यातून चार वेळा निघते, स्कूटर रोज. बूस्टरच्या आधी हेल्मेट घ्या, असं मी सांगितलं. ते त्याच संध्याकाळी घेतलं.

नऊ महिन्यांच्या लशीला

गोवराच्या लशीला आले तेव्हा मी न सांगताच बाबांनी गाडी दाराशी लावली होती. सीट पट्ट्याच्या वाटेशी धरून हलवली, घट्ट होती. खांद्याचे पट्टे मात्र थोडे सैल. आईने कबूल केलं की रडली की ती एक खाच ढिली करते. मी काही बोलायच्या आधी आजींनी हासळीवर चिमटी घेतली आणि सुनेकडे बघितलं. पहिल्या दोन प्रवासांत मुलगी शिरवळपर्यंत रडली होती, तिसऱ्यांदा खेड शिवापूरच्या आधीच झोपली.

आता उन्हाळा तोंडावर आहे. उभ्या गाडीत बकलचं धातूचं टोक मांडीला चटका देण्याइतकं तापतं, म्हणून गाडी लावली की सीटवर पांढरं पातळ कापड टाकायचं आणि बसवण्याआधी बकलला हात लावून बघायचं. गारव्यासाठी विकतात ती जाड जाळीची गादी सीटमध्ये घालायची नाही, ती पुन्हा सतरंजीचंच काम करेल.

गावाकडे चुलत्यांच्या जीपमधून देवाला जातात, तिला मागे पट्टेच नाहीत. त्याचं काय, हे आजींनी विचारलं. मुलांना घेऊन त्या जीपने जाऊ नका, आपल्याच गाडीने दोन फेऱ्या मारा, एवढंच मी सांगू शकले. आजी म्हणाल्या, चुलते रागावतील. ते अजून सुटलेलं नाही.

निघताना आईने विचारलं, वजन आता ८.१ झालं, नऊ झाल्यावर सीट फिरवायची ना? लेबलवर ९ लिहिलंय. मी लसीकरणाच्या कार्डावर, वजनाच्या रकान्याखाली, लाल पेनाने लिहून दिलं : मागे तोंड, १३ किलोपर्यंत. आजींनी ते मोठ्याने वाचलं आणि कार्ड पिशवीत ठेवलं.